गावपळणीतलं पाणी

"मांजरसुद्धा?" मी विचारलं.

"मगे? मांजर गावाचा न्हय?" असं म्हणत सासूबाईंनी मांजर गोणपाटाच्या पिशवीत कोंबलं आणि पिशवीचं तोंड माझ्या हातात दिलं. "घट्ट धर. गेल्या खेपेक सुटून घरात रवला, तर माझो जीव थाऱ्यार नव्हतो."

पिशवी माझ्या हातात गुरगुरत होती. अंगणात कोंबड्या पाय बांधून टोपल्यांत पडल्या होत्या, बैल जू नसलेलं पाहून गोंधळले होते, आणि चटया, टोप, तांदळाची गोणी असा सगळा संसार पायरीवर येऊन बसला होता. हेळवण गाव त्या दुपारी स्वतःला रिकामा करत होता.

लग्न होऊन मला तिथे वर्षही झालं नव्हतं. माझं माहेर घाटावरचं, आजऱ्याकडचं. गावपळण हा शब्द कानावरून गेला होता, पण देवाचा कौल झाला की अख्खा गाव गुरांकुत्र्यांसकट तीन दिवस शिवेबाहेर राहायला जातो, मागे एकही चूल पेटत नाही, हे मला डोळ्यांनी पाहीपर्यंत खरं वाटलं नव्हतं. नवरा गोव्यात बोटींच्या कारखान्यात नोकरीला, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून माझे सगळे प्रश्न सासूबाईंच्या वाट्याला आले.

"पण जायचं कशासाठी, आई?"

"देवाक वायंच एकट्याक रवाक नको? बारा म्हयने आमचोच कलकलाट."

"आणि घरात चोर शिरला तर?"

"रिकाम्या गावात शिराक चोराक भिया वाटता. आता चल. तुझ्या प्रश्नांका येगळी पिशवी व्हयी होती."

गावात लोक मला माघारी 'चौकशी कचेरी' म्हणत, हे मला माहीत होतं. मला त्याचा राग येत नसे. नवीन सुनेला निदान एवढी तरी ओळख हवी.

आमची शीव म्हणजे साताईचा व्हाळ. हा ओढा वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या त्या उघड्या पठारावर उगम पावतो, हेळवणच्या मधून खाली येतो आणि शेवटच्या टप्प्यात गावाची हद्द आखत हेळवणच्या खाडीला मिळतो. पलीकडच्या वाळवटावर शेजारच्या गावाच्या हद्दीत आमच्या झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहिल्या होत्या. आम्ही व्हाळ ओलांडला, आणि माझ्या पायाचं बोटसुद्धा भिजलं नाही. दगडगोटे, वाळका पाला, मध्येच एक फुटकी कळशी.

"माझ्या लग्नात हयसर माझा लुगडा गुडघ्यापर्यंत भिजला होता," सासूबाई म्हणाल्या. "आणि तेव्हा शिमगो होवन गेलो होतो. आता मार्गशीर्षातच बघ काय दशा ती."

व्हाळ कोरडा पडला की खाडीचं पाणी भरतीला त्याच्या रिकाम्या पात्रातून वर चढे. खालच्या वाडीच्या विहिरी मचूळ झाल्या होत्या. आमच्या विहिरीच्या पाण्याचा चहा फाटायला लागला होता. आणि हे कोणी केलं, याचं उत्तर गावाकडे तयार होतं: सड्यावरच्या धनगरांनी.

ठकूबाई झोरे, तिचा मुलगा बिरू, त्याची पोटुशी बायको आणि त्यांच्या म्हशी. सड्यावर एवढंच एक बिऱ्हाड उरलं होतं. व्हाळ जिथे उगम पावतो तिथे त्यांनी म्हशींना डुंबायला दगड लावून एक कोंड केली होती. ती कोंड हाच सगळ्या दुखण्याचा झरा, असं बाबल घाडी सांगत फिरे. बाबल आमच्या वाडीचा, मिरची आणि कलिंगडं करणारा, आवाजाने मोठा. ठकूबाईला त्याने नाव ठेवलं होतं 'पाणीचोर'. सडा गावाच्या सामाईक मालकीचा, धनगर तिथे पिढ्यान् पिढ्या राहिले ते नुसत्या तोंडच्या शब्दावर. गावपळणीवरून परतलं की देवळापुढे सभा घ्यायची आणि त्यांना सड्यावरून उठवायचं, हे जवळजवळ ठरलेलं होतं. सडा मोकळा झाला तर चिऱ्याची खाण घालायला एक ठेकेदार तयारच होता, हेही बाबल लपवत नसे.

शेवटचा शब्द मात्र आबांचा. आबा म्हणजे माझे सासरे, महादेव परब, देवळाचे मानकरी. कमी बोलणारे आणि बोललेलं न फिरवणारे. मला त्यांची भीती वाटायची.

सडाही गावाच्या शिवेतच, म्हणून धनगरही खाली आले होते. त्यांचं झावळ्यांचं झाप सगळ्यांपासून जरा बाजूला, खाडीच्या तोंडाशी. संध्याकाळी मी मांजर शोधत तिकडे गेले, तर ते ठकूबाईच्या मांडीवर बसून दुधाची वाटी चाटत होतं.

"तुजं हाय व्हय?" तिने विचारलं. मी चमकले. कितीतरी महिन्यांनी कोणी माझ्या माहेरच्या सुरात बोललं होतं.

"होय. तुम्ही कुठल्या?"

"आमी न्हवं कुठल्या. सड्यावरच जल्म. पर आमची बोली घाटावरनं आलीया. तू?"

"आजऱ्याची."

"मंग बस की," ती म्हणाली, आणि घोंगडीचा एक कोपरा झटकून माझ्यापुढे केला. मी बसले. मला त्या परक्या वाळवटावर एकदम बरं वाटलं, हे कबूल करायला हवं.

पिण्याच्या पाण्यासाठी बायकांनी व्हाळाच्या कोरड्या पात्रात एक खड्डा खणला होता. पहिल्या दिवशी त्यात पाणी पाझरायचं ते करवंटीने खरवडून घ्यावं लागत होतं, आणि ते खारट होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी घेऊन गेले तर खड्डा काठोकाठ भरलेला. मी ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. गोडं.

सासूबाईंनी खड्ड्याला हात जोडले. मी जवळच एक काटकी रोवली.

"ह्या काय?"

"कुठपर्यंत ओल आहे ते बघते."

"बघ बाये. पुजेक बसल्यासारखी बस थंय."

मी खरंच बसले. आज या खाडीला मिळणारे सगळे व्हाळ मला नावानिशी ठाऊक आहेत. त्यांच्या उगमांवरची रानं राखा, काठ ढासळू देऊ नका, हे गावोगाव सांगत माझे केस पांढरे झाले. पण पाण्याकडे नुसतं बघत बसायला मी शिकले ती तिथे, त्या काटकीपाशी. दुपारपर्यंत ओल काटकीच्या पुढे गेली. मी दुसरी काटकी रोवली, खालच्या अंगाला. संध्याकाळी तीही ओलीत उभी. माझं जेवणात लक्ष लागेना.

तिसऱ्या दिवशी ऊन कलताना मी वरच्या वळणावर उभी होते. एका धोंड्यामागून वाळका पाला हलला. वाटलं, सरडा असेल. पण पाला सरकत पुढे आला, आणि त्याच्यामागून पाण्याची एक बारीक जीभ. पाल्याला ढकलत, थांबत, खळगा भरला की पुन्हा पुढे होत ती माझ्या पायांपाशी आली आणि पावलांमधून निघून गेली. मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही.

सगळा गाव धावत आला. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. म्हातारे पाण्यात पाय घालून उभे राहिले. सासूबाई रडत होत्या आणि "डोळ्यात रेव गेली," म्हणून सांगत होत्या.

"बघलास?" बाबलचा आवाज सगळ्यांवर चढला. "सभेच्या भियान धनगरांनी बांध फोडलो!"

"पण ते इथेच आहेत ना," मी म्हटलं. "आपल्याबरोबरच आले."

"येताना फोडून इले असतले."

ठकूबाई मागे उभी होती. ती म्हणाली, "म्हशींचं डबकं हाय तसं हाय. जावा की वर बघाय."

पण जायचं कसं? देवाचा कौल मिळेपर्यंत शिवेच्या आत पाऊल टाकायचं नाही, हा नेम. सगळे पलीकडच्या काठाकडे नुसते बघत राहिले. उत्तर समोर, आणि मध्ये टीचभर पाणी. मला तर अंगावर मुंग्या चढल्यासारखं झालं.

विचार करताना माझी पावलं आपोआप आबांकडे वळली. ते राहुटीपुढे पान जुळवत बसले होते.

"आबा, एक विचारू?"

"नाय म्हटला तर रवतलंस?"

"व्हाळ आटला तेव्हा धनगरांची कोंड वर होती. आता पाणी आलं तेव्हाही ती तशीच असेल, तर मग बदललं काय?"

"गाव रिकामो झालो. देवाक बरा वाटला."

"गाव रिकामा झाला म्हणजे गावातलं काय काय थांबलं?"

आबांचा चुन्याचा हात थांबला. "तू सरळ बोल."

मी सरळ बोलले. व्हाळाच्या काठाने वीज आल्यापासून घरटी एक पंप झाला होता. प्रत्येकाने पात्रात आपापला खड्डा खणून त्यात पाइप सोडला होता. मिरची, कलिंगडं, आणि सगळ्यात वर आमची सुपारीची बाग. आबांनी ती स्वतः लावलेली. सगळ्यात मोठा पंप आमचा. या तीन दिवसांत तो बंद होता, आणि सगळ्यांचेच बंद होते.

"व्हाळाक घोटभर पाणी घेतला तर व्हाळ सुकता?" आबा म्हणाले.

"प्रत्येकजण घोटभरच म्हणत असेल."

त्यांनी पान तोंडात टाकलं. मग म्हणाले, "गाव माझ्या त्वांडाकडे बघता. सुनेन सांगला म्हणान मी गावाक चोर म्हणू? कायतरी दिसाक व्हया."

दिसायला हवं, हे मला एकदम पटलं. आणि कसं दिसेल तेही सुचलं. गाव आत जाईल, पंप चालू होतील. पण धनगरांनी आणखी काही दिवस खालीच राहायचं. त्यांच्यावाचून व्हाळ वाहत राहिला तर दोष त्यांचा. आणि ते खाली असतानाच आटला, तर नाही. मी पळतच ठकूबाईकडे गेले आणि एका दमात सांगून टाकलं.

ती म्हशीची धार काढत होती. तिने हात थांबवला नाही.

"आमी हितं ऱ्हायलो," ती म्हणाली, "आन तिकडं वर त्यांनी खाण घातली तर? एकदा खाली आलेल्याला कोन वर जाऊ देतंय?"

कुतूहल माझं, पण पणाला लागणार होतं ते तिचं घर. मला स्वतःचीच लाज वाटली, आणि मी म्हटलं, "जाऊ दे. मी उगीच बोलले."

"थांब. तुला खरंच वाटतंय का, पंपानं आटतंय म्हनून?"

"वाटतं. पण ठाऊक नाही."

"ठाऊक न्हाई म्हनालीस ते बरं केलंस," ती म्हणाली आणि चरवी उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी कौल घ्यायला आबा आणि बाकीचे मानकरी देवळात गेले; नेमातून तेवढी सूट फक्त त्यांना होती. देवाच्या अंगावर लावलेल्या पाकळ्यांतली उजवीकडची पडली, कौल झाला, आणि ते तसं सांगत परतले. सगळे सामान बांधायला लागले. तेवढ्यात ठकूबाई माणसांच्या मधोमध येऊन आबांपुढे उभी राहिली.

"आमी न्हाई येत," ती म्हणाली. "आमी हितंच ऱ्हातो. तुमी सगळी आत जावा, नेहमीसारकं करा. आमी न्हसताना व्हाळ वाहत ऱ्हायला, तर आमी पुन्ना सड्यावर पाय ठेवत न्हाई. सभा बी नगं. आन आमी हितं असताना आटला, तर पुन्ना आमचं नाव कुणी घ्यायचं न्हाई. सड्याला बी कुणी हात लावायचा न्हाई."

मी सुचवलं होतं त्याच्या कितीतरी पुढे ती गेली होती. तिच्या मागे बिरू खाली मान घालून उभा होता, आणि त्याची बायको पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

"मान्य!" बाबल म्हणाला. त्याला ते फुकटात मिळाल्यासारखं वाटलं.

आबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "कौलाच्या दिसा बोललंस. मान्य."

आम्ही घरी आलो, घर सारवलं, देवाला नैवेद्य दाखवला. सड्यावर जाऊन आलेल्या पोरांनी कोंड होती तशीच असल्याचं सांगितलं, पण आता सगळ्यांचं लक्ष शर्तीकडे होतं. रोज सकाळी मी शिवेवर जाऊन व्हाळ बघायची. पहिल्या सकाळी वाहत होता. ते ठीकच, पाणी आटायला वेळ लागतो. दुसऱ्या सकाळीही वाहत होता, उलट धार जाडच झाली होती. बाबल काठावर हात कमरेवर ठेवून उभा. "काय गो पाणीचोरा," तो पलीकडे ओरडला, "आता खंयच्या सड्यार जातलंस?"

ठकूबाई ऐकून म्हशींकडे वळली. मी तिच्याकडे बघूही शकले नाही. घरी येऊन मी पायरीवर बसले. माझ्या हौसेपायी एका बिऱ्हाडाचं घर गेलं, असं वाटून मला रडू आलं.

"काय झाला?" सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं.

"धनगर नाहीत, पंप चालू आहेत, तरी व्हाळ वाहतोय. मी चुकले."

"पंप चालू? कोणी सांगला तुका? लाइट खंय आसा?"

मी तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे पाहिलं.

"आम्ही भायर होतो तेव्हाच व्हाळावरच्या तारेर फणसाचो खांदो पडलो. घरातली लाइट आसा, पंपांची नाय. बाबलची मिरची मान टाकूक लागली, म्हणान तर तो येवढो बोंबलता. काखेत कळसो नि गावाक वळसो, तसा तुझा. सगळ्या गावाची चौकशी करतंस, आणि आपल्या बागेत पंप चालता की नाय ता बघलंस नाय!"

मी उठले ती थेट सायकल काढून बाजाराच्या गावी वायरमनच्या दारात. तो जेवत होता. मी त्याचं ताट संपेपर्यंत दारात उभी राहिले, आणि मग त्याला खांब, तार, फणस सगळं एका श्वासात सांगितलं.

"येवढी घाई कित्याक, वहिनी? बाग सुकता?"

"बाग नाही, व्हाळ सुकवायचाय."

त्याला वाटलं, परबांच्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण तो आला. गावभर ही बातमी आमच्या आधी पोचली होती. सासऱ्याचा पंप चालू करायला सून सायकल हाणत गेली, म्हणून बाबलने माझं तोंडभर कौतुक केलं. त्या संध्याकाळी तार जोडली गेली, आणि खालपासून वरपर्यंत सगळे पंप एकदम घुमायला लागले. सगळ्यांच्या पिकांना कितीतरी दिवसांची तहान होती, कोणी हात आखडला नाही. आबांनी आमच्या पंपाचं बटण दाबलं ते माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी दुपारी धारेचा आवाज बदलला. आधी खळखळ होती, आता दगडांमधून नुसतं पाझरणं. संध्याकाळी ती माझ्या करंगळीएवढी. आणि त्यानंतरच्या सकाळी मी गेले तर पात्र ओलं होतं, पण हलत काहीच नव्हतं. एका खळग्यात चार मळव्या तोंडं वर काढून फिरत होत्या. ठकूबाई काठावर बसून त्या माशांकडे बघत होती.

"आटलं," ती म्हणाली. आनंदाने नाही. वाईट बातमी सांगावी तसं.

मी आबांना बोलावलं. त्यांच्यामागून बाबल आला, सासूबाई आल्या, बघता बघता अर्धा गाव जमला. आबा पात्रात उतरले. वाकून त्यांनी ओल्या दगडावर तळहात ठेवला, मग वर बघितलं. वरच्या अंगाचे पंप स्पष्ट ऐकू येत होते. त्यातला सगळ्यात जड आवाज आमच्या पंपाचा.

"आबा," मी हळूच विचारलं, "हे पाणी मुळात येतं कुठून?"

"सड्यावरसून. पावसात सडो पिता नि वरीसभर सोडता."

"आणि सड्यावर खाण घातली तर?"

त्यांनी मान वळवून सड्याकडे पाहिलं. बाबलच बोलला. "भरतीचो काय परिणाम असात. नायतर धनगरांनीच रातचे जावन..."

"बाबल," आबा म्हणाले, "पुरे. चोर सोडून सन्याशाक सुळी दिवचो बेत होतो आमचो. तुझो पंप बंद कर."

बाबलचा चेहरा पडला, पण जीभ शाबूत होती. "आदी तुमचो करा. सगळ्यात मोठो तुमचोच."

सगळ्यांच्या माना आबांकडे वळल्या. सुपारीची ती बाग म्हणजे त्यांचा जीव होता. पोफळी नुकत्या फळाला आल्या होत्या. मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी त्यांनी नाही म्हटलं तर मी या घरात कशी राहीन, असंही वाटलं.

"करतंय," आबा म्हणाले. "पण बंद करून भागाचा नाय. आज बंद केलो तर उद्या बोट शिवशिवता. माझाच शिवशिवात."

तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "मगे तेंची गावपळण करा."

"कोणाची?"

"पंपांची. माणसां भायर गेली तर व्हाळ येता, आणि माणसां भितुर इली तर जाता. माणसांक हालव्‌न काय उपयोग? मांजराक न्हेतास, कोंबयेक न्हेतास. पंप काय गावाचो न्हय?"

लोक हसले. मीही हसले. आबा हसले नाहीत. ते सासूबाईंकडे बघत राहिले, आणि मला कळलं की त्यांनी ते खरंच धरलं आहे.

"बरा बोललंस," ते म्हणाले. "पंप शिवेभायर. व्हाळ खाडयेक मिळासर एकव परत येवचो नाय. मगे येतले ते पाळयेन, एका वेळेक एक. आणि सड्याक कोण हात लावचो नाय. धनगरांका शब्द दिललो आसा."

घरी जाऊन त्यांनी स्वतः पाना हातात घेतला. बोल्ट गंजलेले, ते सुटेनात. मी रॉकेलची बाटली धरून उभी राहिले. शेवटचा बोल्ट निघाला तेव्हा ते म्हणाले, "पोफळींका कळशेन पाणी घालतलंस?" मी म्हटलं, "घालीन." "मीव घालतंय," ते म्हणाले, आणि बाकी काही नाही.

दुपारी पंप निघाले. कोणी खांद्यावर, कोणी बांबूला बांधून दोघांत, एकाने तर बैलगाडीत गवत घालून. आमची मिरवणूकच ती. व्हाळाच्या पलीकडे धनगरांचं झाप रिकामं होत होतं. बिरूने म्हशी सोडल्या होत्या, सुनेने भांडी बांधली होती, आणि ठकूबाई डोक्यावर गाठोडं घेऊन निघायच्या बेतात होती. तिच्याच झापात पेंढा पसरून पंप ओळीने ठेवले गेले. आबांचा पहिला.

बाबल सगळ्यांत शेवटी आला. पंप खांद्यावर, घामाने निथळलेला. आत ठेवायला वाकला आणि पुन्हा सरळ झाला.

"ठेवतंय," तो म्हणाला. "पण राखण कोण करतलो? रिकाम्या गावात चोर येणत नाय. भायर येतत. पैसे मोजून घेतललो पंप मी उघड्यार टाकू?"

तो चुकीचं बोलत नव्हता. प्रत्येकाला घर होतं, गुरं होती, कळशीने शिंपायची पिकं होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एकाने आपला पंप परत उचलायला हातही घातला.

ठकूबाईने डोक्यावरचं गाठोडं खाली उतरवलं.

"बिरू, तू सुनेला घिऊन वर जा," ती म्हणाली. "मी बसते हितं."

बाबल पंप खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला. त्याने तिला जे नाव ठेवलं होतं, ते तिथल्या प्रत्येकाला पाठ होतं. पंपाच्या भाराने त्याचा खांदा एका बाजूला झुकला होता.

शेवटी तो म्हणाला, "कोणाक देवचो नाय हां."

ठकूबाई पेंढ्यावर मांडी घालून बसली होती.

"तुमी सवता मागाय आला तरी द्यायची न्हाई," ती म्हणाली.

बाबलने तिच्याकडे बघितलं, मग खाली वाकून पंप तिच्या पायाशी ठेवला.